अम्मा टेकडीवरून का उतरली

बदुल्ला,
६ मार्च २००५

बुद्ध सरणं.

प्रिय मल्ली,

तीनदा फोन केला. तिन्ही वेळा "हो अक्का, बघतो अक्का" म्हणून ठेवून दिलास. म्हणून आता पत्र लिहितेय. धाकटा भाऊ झालास म्हणून कागदावर तरी मला अर्ध्यात तोडता येणार नाही.

येत्या २६ तारखेला अम्माला जाऊन तीन महिने होतील. आपलं घर त्सुनामीच्या लाटेने नेलं आणि रन्वेल्लच्या विहारात अजून वीस कुटुंबं पथाऱ्या टाकून आहेत, म्हणून तीन महिन्यांचं दान मी इथे माझ्या घरी करायचं ठरवलंय. आठ भन्ते जेवायला येतील. तुझे दाजी मोठी पातेली मागत शेजारीपाजारी फिरतायत. अम्माला आवडायची ती आंबट मासळी मी स्वतः करणार आहे, जरी समुद्रातलं काही चिरायला अजून माझा हात होत नाही.

तुझ्याकडून मला एकच हवंय. झारी तू धरायचीस. भन्ते गाथा म्हणत असताना पेल्यात पाणी तुझ्या हाताने पडू दे, पेला भरून ताटलीत सांडेपर्यंत. मी थोरली असले तरी शेवटपर्यंत तिच्याजवळ तू राहिलास. तिला जायचं ते पुण्य तुझ्या हातून जावं, असं मला फार वाटतं.

रोज रडते, खोटं कशाला सांगू. पण एका गोष्टीने मान ताठ होते. पौर्णिमेचा दिवस, अम्मा पांढऱ्या साडीत, अष्टशीलाचं व्रत घेऊन टेकडीवर विहारात बसलेली, अगदी सुखरूप. समुद्र मागे सरलाय असं कानावर आलं आणि ती घरातली बुद्धमूर्ती वाचवायला खाली धावली. हे तुझ्याच तोंडून कळलं. मी शाळेत मुलांना सांगितलं, मोठे भन्ते तर प्रवचनात सांगतात म्हणे. फक्त एक गोष्ट राहून राहून मनात येते, तू तेव्हा कुठे होतास? अंत्यविधीच्या दिवशी मी विचारलं तर तू सगळ्यांच्या देखत उठून गेलास. तुला टोचायला नव्हतं रे विचारलं.

संदमालीला घेऊन ये. तिच्या आईचा कुवेतहून फोन येतो ना? पोरीला म्हणावं, पाढे पाठ करून ये, आत्या परीक्षा घेणार आहे.

तुझी अक्का,
चंद्रलता


रन्वेल्ल छावणी,
१७ मार्च २००५

प्रिय अक्का,

पत्र मिळालं. येणं जमेलसं वाटत नाही. पायाची जखम पुन्हा चिघळलीय, एवढ्या घाटाच्या रस्त्याने बसमध्ये बसवणार नाही. शिवाय नव्या होड्यांसाठी याद्या चालू आहेत, हजर नसेल त्याचं नाव कापतात. संदमालीलाही खोकला आहे.

पाणी तूच ओत ना. तू थोरली. अम्माला काय, तुझा हात आणि माझा हात सारखाच.

आमची काळजी करू नकोस. जेवण वेळेवर मिळतं. काही चांगली माणसं मदत करतात. पोरीला दप्तर मिळालं, बूट मिळाले.

आणि ती मूर्तीची गोष्ट शाळेत मुलांना नको सांगत जाऊस. झालं ते झालं, उगाच कशाला.

दाजींना नमस्कार.

तुझा,
उपतिस्स


बदुल्ला,
३ एप्रिल २००५

बुद्ध सरणं.

मल्ली,

मी गणिताची मास्तरीण आहे. वर्गात एखादा पोरगा गृहपाठ न आणल्याची एक सबब सांगतो तेव्हा मी ती खरी मानते. तीन सबबी सांगतो तेव्हा त्याला बाकावर उभा करते. तुझा पाय, तुझी होडी आणि पोरीचा खोकला, एकाच पत्रात!

आणि तुझ्या पत्रावर "बुद्ध सरणं" नव्हतं. वसतिगृहात होतास तेव्हा "साबण संपलाय, पाठव" एवढी एक ओळ लिहायची असली तरी वर ते असायचं. पत्र उघडताच ती कोरी जागा दिसली. म्हटलं घाईत राहिलं असेल.

दानाला गावाहून सुमनावती मावशी आल्या होत्या, आपल्या शेजारच्या. त्यांना माहीत होतं की तू का येत नाहीस. मलाच तेवढं माहीत नव्हतं. झारी मी धरली. अर्धं पाणी पेल्याबाहेर गेलं, तेव्हा तुझ्या दाजींनी मागून मनगट धरलं. सगळे गेल्यावर मावशींनी भांडी घासता घासता सांगितलं, "चंद्रा, तुझा भाऊ दर रविवारी त्या मिशनवाल्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये जातो. टाळ्या वाजवून गाणी म्हणतात. आता तो आपल्यातला राहिला नाही."

असली कसली ही मदत रे? बुडालेल्या माणसाला बाहेर काढायचं, अंगावर कोरडं कापड घालायचं, पुढ्यात भाताचं ताट ठेवायचं आणि मग गोड आवाजात विचारायचं, बाबा रे, तुझा देव कोणता? ज्याचं सगळं वाहून गेलंय तो काय उत्तर देणार! पोट भरलेल्या, घर शाबूत असलेल्या माणसाशी वाद घालायला यावं त्यांनी. माझ्याकडे यावं. मी चहा देईन आणि चार तास भांडेन. पण त्यांना माझ्यासारखी नको असतात, त्यांना ओली माणसं हवी असतात. याला मी चोरी म्हणते. दार तुटलेल्या घरात शिरलेला चोर गोड बोलला म्हणून काही पाहुणा होत नाही.

खरं काय ते लिही. सबबी नकोत.

अक्का


रन्वेल्ल,
२४ एप्रिल २००५

प्रिय अक्का,

खरं लिहितो. मार्चच्या पहिल्या रविवारी मी बाप्तिस्मा घेतला. तुझं पत्र आलं तेव्हा घेऊन झाला होता.

आता पुढचंही तुझ्या कानावर येण्याआधी सांगतो. "नवा किनारा" मिशनने नारळाच्या बागेमागे वस्ती बांधलीय. सरकारने किनाऱ्यालगत बांधायला बंदी केली, आपली जुनी जागा गेली. मला चौदा नंबरचं घर मिळालंय. दोन खोल्या आहेत, कौलं आहेत, नळ आहे. एका कागदावर सही केली, घरात मूर्ती नाही, दिवा नाही, भन्तेंना बोलवायचं नाही, मेलेल्यांसाठी पाणी ओतायचं नाही. तू म्हणशील कौलांसाठी विकला गेला. गावात पोरं तेच म्हणतात. परवा शेडवर दगड आले, एक संदमालीच्या पायाशी पडला. तुझ्या धर्माची पोरं होती ती, अक्का. माझ्याबरोबर क्रिकेट खेळलेली.

पण घरासाठी नाही गेलो. ऐक. लाटेनंतर पंधरा दिवस जो भेटला त्याने मला विचारलं, "तू कुठे होतास?" सुमनावती मावशींनी विचारलं. मोठ्या भन्तेंनी विचारलं. तूही विचारलंस. मी छावणीच्या कुंपणाशी बसलो होतो तेव्हा पास्टर ग्लेन आले, उंच, उन्हाने लाल झालेले, मोडकं सिंहली बोलणारे. त्यांनी विचारलं, "तू जेवलास का?" एवढंच विचारून ते शेजारी मातीत बसले. दुसऱ्या दिवशीही तेच. आठव्या दिवशी म्हणाले, तुझ्या मनात काय आहे ते मला सांगू नकोस हवं तर, पण ते माफ झालंय. मी लहान पोरासारखा रडलो. भन्ते म्हणाले होते, हे ज्याचं त्याचं कर्म. अम्माचं कसलं कर्म होतं ग?

तुला राग येणार हे माहीत आहे. तरी तुला सोडून मला लिहायला दुसरं कोण आहे.

उपतिस्स


बदुल्ला,
११ सप्टेंबर २००५

पास्टर ग्लेन हॉलिस यांस,
नवा किनारा मिशन, कोलंबो कार्यालय

स. न. वि. वि.

मी तुमच्या वस्तीतल्या चौदा नंबरच्या घरात राहणाऱ्या उपतिस्सची थोरली बहीण. एप्रिलपासून मी त्याच्या पत्राला उत्तर दिलेलं नाही. लिहायला बसले की राग यायचा, आणि त्याने लिहिलेलं "तू जेवलास का" आठवलं की रागाची लाज वाटायची. तुमच्याबद्दल थोडी कृतज्ञताही वाटू लागली होती, हे प्रामाणिकपणे लिहिते. ती आता संपली.

माझ्या शाळेत शेजारच्या वर्गावर मिस फर्नांडो आहेत. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांचं कॅथलिक. माझ्या आईच्या दानाच्या दिवशी त्यांनी उजाडायच्या आत येऊन माझ्याबरोबर वीस नारळ खवले. तुमचं पत्रक त्यांनीच मला आणून दिलं आणि देताना त्यांना माझ्याकडे बघवेना. तेव्हा हा ख्रिस्ती आणि बौद्ध असा तंटा आहे असं कृपा करून समजू नका.

पत्रकावर माझ्या भावाचा आणि भाचीचा फोटो आहे. वर मथळा: "मूर्तीने बुडवलं, येशूने वाचवलं." आत लिहिलंय की एक अडाणी म्हातारी दगडाच्या देवासाठी धावली, दगडाला हात नव्हते, तिला कोणी वाचवलं नाही. खाली देणगी पाठवायचा पत्ता.

ती अडाणी म्हातारी चाळीस वर्षं गावातल्या बायकांची बाळंतपणं करत होती. रन्वेल्लमधली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली, तुमच्या शेडमध्ये टाळ्या वाजवणारीही. तिला मरून वर्ष झालेलं नाही. तिच्या मरणाची जाहिरात करायला तुम्हाला कोणी सांगितलं? तुमच्या देशात तुमच्या आईचं प्रेत दाखवून कोणी दुसऱ्या देवासाठी वर्गणी मागितली तर तुम्ही त्याला काय म्हणाल? तोच शब्द मी तुमच्यासाठी वापरते आहे असं समजा. शिक्षिका आहे म्हणून लिहीत नाही.

पत्रक मागे घ्या आणि तसं छापून कळवा. बाकी मला तुमच्याकडून काही नको.

चंद्रलता विक्रमारच्ची


कोलंबो,
३० सप्टेंबर २००५

आदरणीय भगिनी चंद्रलता,

आपले मनःपूर्वक पत्र आमच्या अनुवादकाने मला वाचून दाखवले. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. आपल्या मातेविषयी आमच्या मनात अपार करुणा आहे.

आपल्या निदर्शनास एक गोष्ट नम्रपणे आणू इच्छितो. सदर कथा आम्ही रचलेली नाही. ती आपल्या बंधूंनीच आम्हास सांगितली, आणि आपल्या गावच्या विहारातही ती अभिमानाने सांगितली जाते असे समजते. आम्ही केवळ तिचा अर्थ उलगडला. अर्थ कटू असेल तर त्याबद्दल आम्ही क्षमा कशी मागावी?

घरांच्या बाबतीत कोणतीही सक्ती नाही. वस्तीचे वातावरण एकसमान राहावे म्हणून रहिवासी स्वखुशीने एका निवेदनावर सही करतात. ज्यांना ते मान्य नाही त्यांना अन्यत्र राहण्याचे पूर्ण स्वातंत्र्य आहे.

येत्या २६ डिसेंबरला नव्या प्रार्थना सभागृहाचे उद्घाटन आहे. परदेशातून पाहुणे येत आहेत. आपले बंधू त्यांच्यासमोर विश्वासाची साक्ष देणार आहेत आणि छोटी संदमाली आजीची गोष्ट सांगणार आहे. आपणही यावे. दर बुधवारी आम्ही आपल्या नावाने प्रार्थना करतो.

आपला ख्रिस्तातील बंधू,
ग्लेन हॉलिस


बदुल्ला,
९ ऑक्टोबर २००५

मल्ली,

पास्टरांचं उत्तर सोबत जोडलंय, वाच. "अन्यत्र राहण्याचे पूर्ण स्वातंत्र्य"! कुठे राहायचं, समुद्रात? कसं गुळगुळीत लिहिलंय, कुठे बोट ठेवायला जागा नाही.

पण एका ठिकाणी त्याने मला गप्प केलं. गोष्ट तू दिलीस. तुला घर पाहिजे होतं की नाही ते मला माहीत नाही, त्याला गोष्ट पाहिजे होती आणि तू आपल्या आईची दिलीस. जी गोष्ट मी मान वर करून वर्गात सांगत होते तीच त्याने उलटी करून टांगली. मी रात्रंदिवस विचार केला की तीच मूर्ती, तीच लाट, मग मला चीड कशाची येतेय? याची, की तू तिथे फोटोसाठी उभा राहिलास. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून.

आणखी एक. "तुझं माफ झालंय" असं तो म्हणाला आणि तू रडलास. कशाची माफी रे? तू काय केलं होतंस? मी तुझं ते पत्र दहा वेळा वाचलं आणि दहाही वेळा तिथेच अडकले. आता २६ डिसेंबरला माझी भाची परक्या लोकांपुढे उभी राहून तिच्या आजीला हसणार आहे. त्याआधी मला उत्तर दे.

अक्का


रन्वेल्ल,
२ नोव्हेंबर २००५

अक्का,

हे पत्र एकटी असताना वाच.

अम्मा मूर्तीसाठी उतरली नव्हती. ती माझ्यासाठी उतरली होती.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा, दारूची दुकानं बंद, म्हणून आम्ही चौघांनी आदल्या संध्याकाळीच बाटल्या आणून ठेवल्या होत्या. सकाळी अम्मा शील घ्यायला निघाली, संदमालीला बरोबर घेतलं, मला हाक मारली, मी शिवी दिली. साडेनऊला समुद्र मागे गेला. लोक मासे बघायला धावले. वर विहारात कोणी तरी म्हणालं, हे काही बरं लक्षण नाही. अम्मा उठली. संदमालीला म्हणाली, "तू इथून हलू नकोस, तुझ्या बापाला उठवून आणते."

शील संध्याकाळपर्यंतचं होतं, अक्का. ते अर्धं टाकून ती उतरली. मला तिने हलवलं, तोंडावर पाणी मारलं, दंडाला धरून बाहेर ओढलं. विहाराच्या वाटेवर ती उंच भिंत आहे ना, तिथे आलो आणि मागे आवाज आला. मला चढता येईना. पाय लटपटत होते, मी हसत होतो, हसत होतो ग मी. तिने खालून मला ढकललं. त्या वयाची बाई, खांद्यावर माझा पाय घेतला. वर पोचून मी हात द्यायला वळलो तर खाली नुसतं पाणी होतं.

विहारात मोठ्या भन्तेंनी सगळ्यांसमोर विचारलं, "उपासिका का उतरली?" शंभर माणसं ऐकत होती. दारुड्या पोरासाठी शील मोडून उतरली, हे कसं सांगू? तोंडातून निघालं, मूर्ती आणायला. सगळ्यांनी हात जोडले. मला वाटलं तिचीही अब्रू राहिली आणि माझीही. मग तीच गोष्ट पास्टरनाही सांगितली. त्यांनी माफी दिली ती कशाची, हे त्यांनाही माहीत नव्हतं. मला वाटायचं देवाला माहीत आहे, तेवढं पुरे.

गेल्या आठवड्यात संदमालीला सभागृहात उभं करून गोष्ट पाठ करवून घेत होते. "माझी आजी दगडासाठी धावली" या वाक्याला ती थांबली. तीनदा थांबली. शिकवणाऱ्या बाई रागावल्या. घरी आल्यावर मला म्हणाली, "तात्ता, आजी तुम्हाला उठवायला गेली होती ना? मी कोणाला नाही सांगितलं." दहा महिने हे त्या आठ वर्षांच्या पोरीने पोटात ठेवलं होतं, मला लाज वाटू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी पास्टरकडे गेलो आणि सगळं सांगितलं. म्हटलं, पत्रक चुकीचं आहे, चूक माझी आहे, पण ते बदला. त्यांनी माझा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, ते नाटक नव्हतं. मग म्हणाले, "ब्रदर, तुम्ही दारू सोडलीत हेही सुंदर आहे, ते पुढच्या पत्रकात घेऊ. पण हे आता छापून झालंय. अकरा देशांत गेलंय. लोकांची मनं हललीत. तुमच्या चुकीच्या शब्दांतूनही देवाने काम करून घेतलं." मी विचारलं, आणि माझी आई? ते म्हणाले, "तिच्यासाठी आता काही करता येत नाही."

२६ तारखेला मूर्तीचीच गोष्ट सांगायची, असं ठरलंय. नाही सांगितली तर काय, ते कोणी बोललं नाही. सहीचा कागद त्यांच्या कपाटात आहे.

आता तू मला काय वाटेल ते म्हण.

उपतिस्स


बदुल्ला,
१४ नोव्हेंबर २००५

मल्ली,

काय म्हणू? पत्र वाचलं आणि शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली, बावीस वर्षांत पहिल्यांदा. आधी तुझ्यावर इतकी चिडले की तू समोर असतास तर थोबाडीत दिली असती. मग संध्याकाळी आठवलं, अंत्यविधीला शंभर माणसांत "तू कुठे होतास" असं मोठ्याने ओरडणारी मीच होते. तुला टोचायलाच विचारलं होतं. पहिल्या पत्रात लिहिलं ते खोटं होतं. अम्मा गेली आणि तू राहिलास याचा मला राग आला होता. झालं, मीही सांगून टाकलं.

त्या पास्टरवर माझा राग कमी झालेला नाही, उलट वाढलाय. खोटं ऐकून खोटं छापलं तोपर्यंत तो फसलेला होता. खरं ऐकल्यावरही तेच ठेवलं, तेव्हा तो खोटारडा झाला. आणि आपल्या मोठ्या भन्तेंनाही मी पत्र टाकलंय, ती मूर्तीची गोष्ट प्रवचनातून काढा म्हणून. शील मोडून उतरली म्हणून माझ्या आईचं पुण्य कमी झालं असं कोणी म्हणालं तर त्याच्याशीही माझी गाठ आहे. दगड मारणाऱ्या पोरांच्या आयांनाही लिहिलं. त्या पोरांतली तिघं अम्माच्या हातावर जन्मलीयत, जरा आठवण करून दिली.

वर्षाचं दान २६ डिसेंबरला सकाळी नऊ वाजता, रन्वेल्लच्या विहारात, टेकडीवर. विहार आता रिकामा झालाय. मी आदल्या दिवशी पोचते. तू ये असा हट्ट मी धरणार नाही. पोरीच्या डोक्यावर कौलं आहेत, ती माझ्या पाण्याच्या पेल्यासाठी घालवू नकोस. येशूला मान, नको मानू, ते तुझं तू बघ, माझं त्याच्याशी भांडण नाही. फक्त पोरीला ते वाक्य म्हणायला लावू नकोस.

जेवलास का?

अक्का


रन्वेल्ल,
२७ डिसेंबर २००५

पास्टर ग्लेन,

काल सकाळी नऊला तुमच्या सभागृहात पुढच्या रांगेतल्या माझ्या दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या. पाहुण्यांसमोर तुमची पंचाईत झाली असेल. कारण तोंडी सांगायला आलो असतो, पण तुम्ही हात हातात घेता आणि मग मला बोलता येत नाही. म्हणून हे पत्र किल्लीबरोबर ऑफिसात ठेवतोय. चौदा नंबर झाडून ठेवलाय. नळ गळत होता, तो मी दुरुस्त केला. आम्ही सध्या सुमनावती मावशींच्या पडवीत आहोत.

काल मी टेकडीवर होतो. गाव जमलं होतं. मोठ्या भन्तेंनी मला पुढे बोलावलं आणि मी सगळ्यांना सांगितलं, दारूपासून भिंतीपर्यंत, जसं तुम्हाला सांगितलं होतं तसंच. कोणी हात जोडले नाहीत. मग माझी बहीण झारी घेऊन आली आणि माझ्या हातात दिली. संदमालीने माझा दंड धरला, बहिणीने तिचा खांदा. पेला भरला, ताटलीत सांडला, ताटलीतून पाणी चटईवर गेलं, तरी भन्तेंच्या गाथा चालूच होत्या आणि मी ओतत होतो. सही केलेल्या कागदाविरुद्ध हे आहे, मला माहीत आहे. तुम्ही म्हणालात तिच्यासाठी आता काही करता येत नाही. आमच्याकडे येतं.

मी अजून प्रार्थना करतो. काल पाणी ओततानाही केली, भन्ते रागावले नाहीत, त्यांना कळलंही नसेल. येशूने माझं काही वाईट केलेलं नाही. कुंपणाशी तुम्ही माझ्या शेजारी मातीत बसलात ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणूनच तुमचा इतका राग येतो. नुसता ठग असतात तर मी थुंकून निघून गेलो असतो.

तुम्ही दर रविवारी आम्हाला एकच गोष्ट सांगायचात. वर सुखात असलेला एक जण, खाली नालायक माणसं बुडतायत म्हणून उतरला. त्यांनी त्याला शिव्या दिल्या, ते त्याला हसले, तरी त्यांना वर ढकलून तो स्वतः मेला. ही गोष्ट तुम्ही सांगत असताना मी शेवटच्या रांगेत तोंड झाकून घ्यायचो. तुम्हाला वाटायचं, याच्यावर वचनाचा परिणाम होतोय. मला माझी आई दिसत असायची.

ऑक्टोबरमध्ये मी तीच गोष्ट तुमच्या टेबलावर आणून ठेवली. पांढऱ्या साडीतली, तुमच्या देवाचं नावही न घेणारी एक बाई, टेकडीवरून उतरलेली. जगात दुसऱ्या कोणाला नसेल, पण तुम्हाला तरी ती ओळखू यायला हवी होती. तुम्ही म्हणालात, छापून झालंय.

उपतिस्स